राजमणीबाईंचा लाल मुग्गू

“आई, त्या गेल्या,” वर्षा फोनवर म्हणाली, आणि मी विचारलं, “कुठं?”

माणूस म्हातारं झालं की शहाणं होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मला येऊन भेटावं. सकाळची वेळ, एका हातात फोन, दुसऱ्या हातात मेथीची जुडी... जी बाई कित्येक महिने पलंगावर स्वतःची कूससुद्धा बदलू शकत नव्हती, ती जाणार कुठं होती? पण तोंडातून तेच आलं. मग कळलं. जुडी ओट्यावर टाकली, साडी बदलली, सात रस्त्याला येऊन रिक्षा पकडली आणि जुळे सोलापूर येईपर्यंत रिक्षावाल्याच्या आरशाला बांधलेल्या लिंबू-मिरचीकडं बघत बसले. रडू आलं नाही. आता महिना उलटून गेला, अजून नीट आलेलं नाही. भेटायला येणारे सगळे म्हणतात, सुटल्या बिचाऱ्या. मी मान हलवते. सुटायचं तिला नव्हतंच. तिला फक्त चालायचं होतं.

राजमणीबाई माझ्या विहीणबाई, वर्षाच्या सासूबाई. सोलापूरच्या पूर्व भागातलं तेलुगू घर. बाहेरच्या खोलीत दोन माग, दिवसभर खडखडाट, हवेत सुताचे तंतू. वर्षानं कॉलेजात असताना त्यांचा श्रीनिवास पसंत केला, आणि मी घर बघायला गेले. त्या वेळची मी म्हणजे काय सांगावं! शाळेत मराठी शिकवणारी, नाकाचा शेंडा कायम वर, पर्समध्ये इस्त्रीचा रुमाल. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी तिच्याकडं बघून इतकी हसेन की तिला आपला पदर तपासून बघावा लागेल. खुर्चीच्या टोकावर बसून मी विचारलं, “तुमच्या घरात मराठी बोलतात ना?” बरं, इतका वेळ आमचं बोलणं मराठीतच चाललेलं. राजमणीबाई म्हणाल्या, “बोलतो की. फकस्त भांडण तेलुगूत करतो. सुनंला कळायला नको.” मी हसले नाही. हसायचं होतं हे मला घरी आल्यावर कळलं.

त्या मला पहिल्या दिवसापासून ‘वदिना’ म्हणायच्या. वदिना म्हणजे वहिनी. त्यांच्यात विहिणी एकमेकींना तशीच हाक मारतात. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी कोणत्या नात्यानं यांची वहिनी लागते, असं घरी येऊन आठवडाभर धुसफुसत होते. लग्नात मी अहो-जाहो सोडलं नाही, त्यांनी वदिना सोडलं नाही. आमच्यातलं अहो-जाहो संपवलं ते एका म्हशीनं.

झालं असं की माझे मालक गेल्यावर मला उगीच स्वावलंबी व्हावंसं वाटायला लागलं. शिनूची, म्हणजे आमच्या श्रीनिवासची, जुनी लुना पडून होती. मी म्हटलं, मी शिकते. राजमणीबाई म्हणाल्या, मी बी. पन्नाशीच्या दोन बाया रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर. एक चालवणार, दुसरी मागं पळत धरणार, असा बेत. एवढं मोठं रिकामं मैदान, आणि पार पलीकडच्या कोपऱ्यात एक म्हैस बसलेली. मी लुनावर बसले, म्हैस दिसली, आणि मनात म्हटलं, हिला तेवढं चुकवायचं. डोळे तिच्यावर रोखले आणि सरळ जाऊन तिलाच धडकले. म्हैस उठलीसुद्धा नाही. मग राजमणीबाई बसल्या. त्यांनी मला इतकं हसून घेतलं होतं की माझी खात्री होती, या तरी वाचतील. त्या लांबून वळसा घालून आल्या, डोळे मोठ्ठे केलेले, तोंडानं तेलुगूत काहीतरी चाललेलं, आणि त्याच म्हशीच्या पाठीत पुढचं चाक घातलं. म्हशीचा मालक भिंतीवर बसून दात घासत होता. तो ओरडला, “ओ मावशी! म्हशीकडं बघू नका की! बघताय तिकडंच जाताय न्हवं!” आम्ही दोघी धुळीत बसून पोट दुखेपर्यंत हसलो. “तू आधी धडकलीस,” त्या म्हणाल्या. “तू बघून धडकलीस, ते जास्त वाईट,” मी म्हटलं. तिथून पुढं तू.

लुना काही आम्हाला आली नाही. पण राजमणी चालायची मात्र अशी, की तिच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे माझी वरात. भाजीवाल्यांच्या पाट्या, उभ्या सायकली, मध्येच आडवं बसलेलं कुत्रं, या सगळ्यातून ती पाण्यासारखी निघायची. नजर लांब, कुठल्यातरी वांग्यांच्या ढिगावर. पाय खाली आपापलं बघून घ्यायचे. मी मागून पदर सावरत, प्रत्येक खड्डा वाकून पाहत. “जमिनीत काय सोनं सांडलंय का?” म्हणून ती ओरडायची. आपण चालतो तेव्हा डोळे किती काम करत असतात, पायाला न विचारता किती गोष्टी परस्पर ठरवून टाकतात, याचा विचार तेव्हा दोघींनीही कधी केला नाही. कोण करतं?

पहिल्यांदा तिचा उजवा हात चालताना हलायचा थांबला. लुगड्याला खिसा असावा आणि त्यात हात असावा तसा तो अंगाला चिकटून राहायला लागला. मग बोटं थरथरायला लागली, मग पाऊल आखडलं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी आटोक्यात राहील, म्हणाले. बरा होईल असं काही म्हणाले नाहीत, आणि तिनंही विचारलं नाही. परत येताना रिक्षात ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “वदिना, बाकी काय बी होऊ दे. मोरीला माझी मी गेले पायजे. वर्षानं मला उचलून न्यायचं न्हाई.”

“वर्षा माझी लेक आहे. करेल की,” मी म्हटलं.

“तुजी लेक हाय म्हणूनच.”

यावर मी रिक्षावाल्याला रस्ता सांगायला लागले. मराठीची बाई असूनसुद्धा.

मग माग विकले गेले. शिनूला चांगली नोकरी होती, त्यानं जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. त्या पोराचा आईवर इतका जीव की त्यानं मिस्त्रीला बजावून सांगितलं, घरात उंबरा म्हणून ठेवायचा नाही. मोरीचासुद्धा नाही. आईला कुठं अडखळायला नको, ठेच नको, सगळं एकसारखं पाहिजे. फरशी निवडली ती पांढरीशुभ्र, मोठ्या मोठ्या तुकड्यांची, सांधे दिसणारसुद्धा नाहीत अशी. वास्तुशांतीला आलेला जो तो वाकून फरशीत आपलं तोंड बघत होता. मीही बघितलं, आणि म्हटलं, काय सुंदर घर आहे!

आणि त्या सुंदर घरात राजमणीचे पाय थांबले. पलंगावरून उठायची, दोन पावलं टाकायची आणि मध्येच, काहीच नसलेल्या जागी, उभी. पाय जणू फरशीत रुतलेले. वरचं अंग पुढं जाऊ बघायचं, गुडघे थरथरायचे, टाचा जागच्या जागी टपटप वाजायच्या. पुढं पाऊल नाहीच. मोरीच्या दारात तर हमखास. “चला की आई, चला,” वर्षा म्हणायची. “अगं उचल की पाय,” मी म्हणायचे. ती घामानं निथळायची. “खाली धरून ठेवलंय गं कुणीतरी,” म्हणायची. पूर्व भागातल्या घरात शहाबादी फरशी होती, दोन दगडांमध्ये सिमेंटच्या बोटभर रुंद काळ्या रेघा, दारोदारी चांगले उंच उंबरे. तिथं ती हळू का होईना, पण चालत होती. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही म्हटलं, आजार वाढला.

एकदा दवाखान्यातून परत आलो तर लिफ्ट बंद. शिनू कपाळाला हात लावून उभा, आता आईला वर न्यायचं कसं? राजमणीनं कठडा धरला आणि जिना चढायला लागली. एक पायरी, दुसरी पायरी... कुठं अडकणं नाही, थरथर नाही. शिनू मागं पिशवी घेऊन तोंड उघडं टाकून बघतोय. वर आलो, दार उघडलं, ती हॉलमध्ये आली आणि त्या गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर जागच्या जागी थांबली. शिनूचा तोल गेला. “आई, जिना चढतेस आणि इथं चालत नाहीस? मुद्दाम करतेस काय?”

राजमणी तशीच उभी. न वळताच म्हणाली, “व्हय. लई हौस हाय मला.”

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा शिनूनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. तरुण पोरगी होती डॉक्टर, पण नीट समजावून सांगितलं तिनं. आपण सपाट जमिनीवर चालतो तेव्हा पुढचं पाऊल कसं टाकायचं हे मेंदू आतल्या आत ठरवतो, आपल्याला पत्ता लागत नाही. यांचं ते आतलं बंद पडत चाललंय. पण समोर पायरी दिसली, रेघ दिसली, की डोळा पायाला बाहेरून सांगतो, हे ओलांड. तेवढा रस्ता अजून उघडा आहे. जिन्यात दर पायरी डोळ्याला दिसते. तुमच्या हॉलमध्ये डोळ्याला धरायला काहीच नाही. घरी गेल्यावर जमिनीवर आडव्या रेघा मारून बघा, असंही म्हणाली.

म्हणजे ज्या ज्या गोष्टींनी तिला चालवलं असतं त्या सगळ्या आम्ही हौसेनं, पैसे मोजून उखडून टाकल्या होत्या.

रेघा म्हटल्यावर मी उठलेच. आयुष्यभर फळ्यावर रेघा मारलेली बाई! रांगोळीचा डबा घेतला आणि पलंगापासून मोरीपर्यंत झरझर रेघा ओढल्या. मागं सरून बघितलं तर काही दिसेना. पांढऱ्या फरशीवर पांढरी रांगोळी. राजमणी पलंगावरून म्हणाली, “वदिना, झालं का? लवकर काढ की.” मग मी देवघरातून कुंकवाचा करंडा आणला आणि त्या रांगोळीवरून कुंकवाची धार सोडली. ती किंचाळलीच. कुंकू पायाखाली? घरात? लक्ष्मीला लाथ मारायची? “तुडवू नकोस मग, ओलांड,” मी चिडून म्हटलं. आणि तिनं पाय उचलला. कुंकवाला लागू नये म्हणून चांगला उंच उचलला आणि पलीकडं ठेवला. मग दुसरा. मग पुढची रेघ. आणि ती दोन्ही हातांनी लुगडं वर धरून, तोंडानं मला तेलुगूत शिव्या देत, मोरीच्या आत पोचली. आतून आवाज आला, “दार लावा की, येड्यांनो!”

पंख्याच्या वाऱ्यानं संध्याकाळपर्यंत कुंकू घरभर झालं. मग शिनूनं लाल चिकटपट्टी आणून तिथं तिथं पक्क्या पट्ट्या लावल्या. पण तिच्या लेखी ती चिकटपट्टी नव्हतीच. तिच्या माहेरी, सासरी रोज पहाटे दारात सडा घालून रांगोळी काढायची रीत. त्या रांगोळीला ते मुग्गू म्हणतात. त्यावर पाय देईल त्याची धडगत नाही. तसा हा तिचा लाल मुग्गू. तिचा तो उचललेला पाय त्या धाकातूनच येत होता, असं मला वाटतं. पण तिनं तो धाक घरभर पसरवला. कुणी पट्टीवर पाय ठेवला की आतून आवाज यायचा, “मुग्गू हाय तो! आंधळा हायेस का?” शिनूला, वर्षाला, भांडीवालीला, सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला. मी तर रोजची शिकार. घरात सगळे बगळ्यासारखे पाय उचलून चालायला लागलो. पाहुण्यांना वाटायचं, या घराला काहीतरी झालंय.

ते काही महिने बरे गेले. मी गेले की पहिली बातमी तीच, “आज बी माझी मी गेले.” मी म्हणायचे, “काशीला जाऊन आल्यासारखं सांगतेस.” तर म्हणायची, “काशीला कोण बी जातंय, रेल्वे हाय. मोरीला जाऊन दाखव.” वर्षाच्या चेहऱ्यावर थोडं रक्त आलं. ती कामावरून घरी येईपर्यंत मी तिथं बसायचे, पण मला करायला फार काही नसायचं.

पावसाळी दुपारी एकदा वीज गेली तेव्हा राजमणी मोरीत होती. आमच्या त्या देखण्या फ्लॅटच्या मोरीला खिडकी नाही. दिवा गेला, पट्ट्या दिसेनाशा झाल्या, आणि ती दाराच्या आतच अडकली. मी हाका मारतेय, ती आतून “दिसंना गं, दिसंना,” एवढंच. मोबाईलचा दिवा मला लावता येत नाही. तेव्हाही आला नाही, आजही येत नाही. काडेपेटी शोधून मी जाईपर्यंत तिचं लुगडं भिजलं होतं. काडीच्या उजेडात आम्ही एकमेकींकडं बघितलं. तिनं मान दुसरीकडं वळवली. पुसून, बदलून पलंगावर आणलं तेव्हा म्हणाली, “वर्षाला सांगू नको.” मी नाही सांगितलं. आता या लेखात वाचेल.

त्यानंतर तिनं वेगळंच काढलं. पट्ट्या दारापर्यंत पाहिजेत, बाहेरच्या. शिनू म्हणाला, नंतर बघू; त्याला भीती, आई बाहेर जाऊन पडेल. ती माझ्या मागं लागली. बाहेर जाऊन काय करायचंय, म्हटलं. “भाजीवाल्याशी भांडायचंय,” म्हणाली. तो खाली गाडी घेऊन यायचा आणि वर्षाला वांगी किडकी द्यायचा, असं तिचं मत. एका दुपारी मीच चिकटपट्टी घेऊन गुडघ्यांवर बसले. ती खुर्चीतून सांगतेय, “वाकडी गेली. मास्तरीण म्हणं!” मी सरकत सरकत दारापर्यंत पट्ट्या लावल्या, आणि मग मला उठता येईना. एकीला चालता येत नाही, दुसरीला उठता येत नाही, आणि मध्ये लाल पट्ट्या. दोघी हसत बसलो. तिचं हसणंही तेव्हा बारीक झालं होतं, चेहरा फारसा हलायचा नाही. फक्त खांदे हलताना दिसले. शेवटी दाराच्या कडीला धरून मी उठले. मग ती उठली. पहिली पट्टी ओलांडली, दुसरी ओलांडली, निम्म्या वाटेवर थांबली. दमली होती. “उद्या,” म्हणाली.

तो उद्या झाला नाही. ताप आला, दवाखाना झाला, परत आली तेव्हा पाय अजून जड. मी तिला पहिल्या पट्टीसमोर उभं केलं. “दिसतेय?” “दिसतीय.” “उचल मग.” ती बघत राहिली. मीही तिच्या पायाकडं बघत राहिले, माझ्या बघण्यानं जणू तो उचलला जाईल. नुसत्या टाचा टपटप वाजत होत्या. “दिसतंय गं सगळं,” ती हळू म्हणाली, “पण सांगतंय कुणाला?” पट्ट्या रुंद केल्या, पिवळ्या लावून बघितल्या, शिनूनं एक दोन तीन मोजून बघितलं, गोळ्या वाढवल्या. तोही रस्ता बंद झाला होता.

आणि मग तिला जे नको होतं तेच. वर्षा तिला काखेत हात घालून उचलायची, बसवायची, धुवायची. वर्षानं कधी कपाळाला आठी घातली नाही, मी आई आहे, मला दिसलं असतं. पण त्या वेळी राजमणी डोळे मिटून घ्यायची. गच्च. तेवढंच तिच्या हातात उरलं होतं. मी समोर असले तर तोंड भिंतीकडं करायचे. पुढं पुढं बोलणं गेलं, गिळणं गेलं. मी जाऊन शेजारी बसायचे आणि आपली बडबडायचे. ती पलंगावरून त्या पट्ट्यांकडं बघत असायची. तासन्‌तास. एवढी सरळ वाट समोर, पावलापावलाला खूण केलेली, आणि बाई पलंगावर. पट्ट्या काढून टाकाव्यात असं माझ्या मनात आलं होतं. तिला विचारायचं धाडस झालं नाही, आणि विचारलं असतं तरी उत्तर कुठून येणार होतं?

त्या सकाळी मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. तिला नेलं ते दारापर्यंतच्या त्याच पट्ट्यांवरून. तिनं निम्म्या ओलांडल्या होत्या, उरलेल्या निम्म्या दुसऱ्यांच्या पायांनी. उचलणाऱ्यांचे ते ओले, धुळीचे पाय, पट्ट्यांवरून थडाथड पडत गेले, कुणी खाली बघितलं नाही. बघायची वेळही नव्हती. मी भिंतीला टेकून फक्त पायच बघत होते.

पट्ट्या अजून आहेत. कडा उचलल्यात, लाल रंग तपकिरी झालाय. वर्षा काढू म्हणते, शिनू काही बोलत नाही, म्हणून राहिल्यात. पण गंमत बघा, घरात अजून सगळे त्या ओलांडूनच चालतात. शिनू कामावरून दमून येतो, मोबाईलमध्ये डोकं खुपसून आत जातो, आणि पट्टी आली की त्याचा पाय आपोआप वर उठतो. त्याचं त्याला कळत नाही. भांडीवाली बादली घेऊन ओलांडते.

परवा दुपारी मी एकटीच होते तिथं. वर्षा कामावर, घर शांत, पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली. मी चहाचा कप घेऊन चालले होते आणि माझाही पाय उचलला गेला. मी थांबले. मग मुद्दाम, अगदी बघून, पट्टीच्या बरोबर मधोमध पाय ठेवला. दुसराही ठेवला. दोन्ही पायांनी मुग्गूवर उभी राहिले, आणि आतल्या खोलीकडं कान दिला.

बराच वेळ उभी होते. चहा गार झाला.